साडूंनी मला जिंकवलं

माझ्या साडूंनी मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला त्यांची माया येईल आणि मग माझी तक्रार कुणी ऐकून घेणार नाही. आमच्या नातेवाइकांत आजवर हेच होत आलं आहे. उदगीरपासून नांदेडपर्यंत कुणालाही विचारा, तो सांगेल की साडू म्हणजे देवमाणूस आणि मी म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला व्यापारी. असेन. पण पलंगापासून पत्र्यापर्यंत सगळ्याचे सौदे केलेल्या ह्या व्यापाऱ्याला आयुष्यात एकदाच कुणी गंडवलं, ते ह्या निवृत्त भूगोल मास्तरांनी. आणि तेही व्हिडिओ गेममध्ये गाडी चालवून.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उदगीरच्या एका अडत व्यापाऱ्याचे आम्ही दोन जावई. ते हायस्कुलात मास्तर, मी नायगावकडच्या खेड्यातून पिशवी घेऊन निघालेला. सासुरवाडीत पहिला पाट त्यांचा, पहिलं ताट त्यांचं, टॉवेल-टोपीसुद्धा आधी त्यांना. कुणी पाहुणे आले की सासरे सांगत, "हे आमचे थोरले जावई, हायस्कुलात असतात." मग माझ्याकडे हात करून म्हणत, "आणि हे लातूरला असतात." लातूरला तर गंजगोलाईची बाजारपेठसुद्धा आहे, तिची कुणी अशी ओळख करून देत नाही. मी काय करतो हे सासऱ्यांनी पंचवीस-तीस वर्षांत चार लोकांत कधी उच्चारलं नाही. मी काही चोऱ्या करत नव्हतो. भूकंपानंतर नवी गावं वसू लागली, तेव्हा जुन्या घरांच्या चौकटी, कड्या, पत्रे घ्यायचे आणि ज्याला लागतील त्याला द्यायचे, असा मी धंदा सुरू केला. पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. मराठवाड्यातली सगळी हुशार पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली, तसा मी पलंगांत शिरलो. जूनमध्ये पलंग, टेबल, कूलर विकायचा आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पोरगं गावी निघालं की तोच परत घ्यायचा. माझ्या एकेका पलंगावर झोपून किती डॉक्टर झाले असतील. ते कुठकुठं गेले, पलंग मात्र अजून माझ्याचकडे आहे.

अशाच एका मे महिन्यात नांदेडच्या एका पोराच्या खोलीतून पलंगाबरोबर मोठा टीव्ही, गेमचं यंत्र आणि टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग निघालं. खाली पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरसुद्धा होते. पोराचे वडील दारात उभे होते. ते पोराकडे बघत नव्हते आणि पोरगं भिंतीकडे बघत होतं. अशा वेळी भाव करायला त्रास पडत नाही. मी सगळं उचलून गोदामात आणलं, चालू आहे की नाही ते बघायला जोडलं, आणि त्याच दुपारी साडू चहाला आले. सेवानिवृत्तीनंतर ते लातूरलाच राहायला आले होते. त्यांनी खुर्ची ओढली, चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि त्या स्टिअरिंगवर असे हात ठेवले की जणू ते गरम आहे. माझा तो माल त्या क्षणी विक्रीतून गेला. मला हे कळायला मात्र फार वेळ लागला.

गेम शर्यतीचा होता. जगभरातल्या गाड्या त्यात होत्या. लाल, पिवळ्या, जमिनीला पोट घासत जाणाऱ्या. साडूंनी त्या सगळ्यांना नकार दिला आणि इंग्लंडच्या उंची गाड्यांपाशी येऊन थांबले. म्हणाले, "हे बघा, ह्यांचं स्टिअरिंग उजवीकडं हाय. आपल्यासारखं. बाकीच्या गाडीत बसलं की दुसऱ्याच्या घरात शिरल्यागत वाटतं." मी म्हटलं, "मास्तर, इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं आपल्यावर." तर भूगोल सोडून ते इतिहासात शिरले. "आपल्यावर कुठं? आपल्याकडं निजाम होता. आपलं अन् इंग्रजाचं भांडण लांबचं हाय." त्यांनी त्या गाड्यांना नावं ठेवली. एक लांबलचक, चांदीच्या नाकाची, आवाजसुद्धा न करता सरकणारी, ती 'नवाबसाहेब'. एक गडद हिरवी, रुंद, वाटेतून बाजूला न होणारी, ती 'पाटलीणबाई'. तिसरी चपळ आणि सारखी गुरगुरणारी, ती 'धाकटी'. तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. उदगीरला सासऱ्यांच्या दारात एक जुनी पांढरी गाडी होती, मूळ इंग्रजी घराण्यातली पण हिंदुस्थानात घडलेली. साडू म्हणत, "ह्या सगळ्या आपल्या पांढरीच्या मावसबहिणी. माहेरी राहिल्या म्हणून चांगल्या राहिल्या."

आता अशा गाड्या, ज्या डोळ्याचं पातं लवायच्या आत दीडशेचा आकडा ओलांडतात, त्या हा माणूस चाळीसनं चालवायचा. उगाच नाही सांगत. चाळीसच्या पुढं काटा गेला की ते स्वतःच "अरे अरे" म्हणत. शर्यतीला सुटताना ते बाकीच्या गाड्यांना आधी जाऊ देत. "त्यांना घाई हाय." वळणावर हॉर्न देत. मागून कुणी सुसाट आला तर डावीकडं घेऊन वाट देत, आणि तो फेरी पूर्ण करून पुन्हा मागून आला की पुन्हा देत. शर्यत संपून लोक बक्षिसं घेऊन घरी गेलेले असत, टीव्हीवर फटाके उडून विझलेले असत, आणि आमचे नवाबसाहेब अजून तिसऱ्या वळणावर हॉर्न देत असत. दसऱ्याला त्यांनी स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, तो पहिल्याच वळणावर गुंडाळला गेला आणि गाडी शेतात गेली. साडूंनी शेतकरी दिसतो का म्हणून आधी बघितलं.

त्यात मला शेजारी बसवत. डाव्या बाजूला दुसरी खुर्ची मांडलेली असे. ती रिकामी असली की गाडी सुरू होत नसे. चौक आला की म्हणत, "तुमच्या बाजूनं कुणी येतंय का बघा." पहिल्यांदा मी हसलो. महिनाभरानं मी खरोखर वाकून टीव्हीच्या डाव्या कडेपलीकडं बघू लागलो. बाहेर गिऱ्हाईक कूलरला लाथ मारून बघत उभं असे आणि मी आत सांगत असे, "या, या, मोकळं हाय."

आणि तो पेला. साडू घरून पितळेचा पेला आणत, काठोकाठ पाण्यानं भरत आणि स्टिअरिंगच्या टेबलावर ठेवत. वेडंवाकडं वळण घेतलं, कचकन ब्रेक दाबला की टेबल हाले, पेल्यातून पाणी सांडे, आणि ते शर्यत तिथंच सोडून पहिल्यापासून सुरू करत. मी विचारलं, ही कसली भानगड? तर म्हणाले, "एवढी उंची गाडी, तिच्यात बसलेल्याला गचका लागला तर उपयोग काय?" मी म्हटलं, "मास्तर, गाडीत हाय कोण?" ते म्हणाले, "तुम्ही लई तापता राव. पुढं बघू द्या."

मी तापत होतो, कारण माल पडून होता. गिऱ्हाईकं येत, पण साडू त्यांची अशी परीक्षा घेत की मुलीचे वडीलसुद्धा स्थळाची घेत नसतील. एकदा शिकवणीचे एक फिजिक्सचे सर आले. ज्यांच्या चेहऱ्याचा फलक चौकात सिग्नलपेक्षा उंच असतो, त्यांतले. त्यांना ते यंत्र घरी हवं होतं, भावाला घासाघीसही फार नव्हती. साडू म्हणाले, "एकदा चालवून दाखवा." सरांनी 'धाकटी' घेतली, तिला दोनशेच्या वर नेलं आणि सरळ भिंतीवर घातली. बटण दाबलं, गाडी पुन्हा रस्त्यावर. पुन्हा भिंत. पुन्हा बटण.

साडूंनी पाणी पुसत विचारलं, "सर, फिजिक्स शिकवता ना?"

"हो."

"मग भिंतीचं काय झालं?"

सर हसले. "काका, गेम आहे हा."

"गेम हाय म्हणून भिंत मऊ असती का? अन् आत कुणी असलं तर?"

सर माझ्याकडे बघू लागले. मी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. सौदा मोडला. त्या दिवशी मी साडूंना नको ते बोललो. माझं गोदाम म्हणजे तुमच्या शाळेचं मैदान नव्हे, असंही म्हणालो. त्यांनी शांतपणे पेला धुतला, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. "काल कुठवर आलो होतो आपण?"

ही गंमत अशीच चालली असती. पण सासरे गेले, आणि वर्षभरानं धोंड्याचा महिना आला. आमच्याकडं ह्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालतात आणि वाण देतात. सासूबाईंनी, मी त्यांना मामी म्हणतो, आधीच सांगून टाकलं की ह्या खेपेला वाणात ती पांढरी गाडी देणार. "पोरगा न्हाई मला. दोन जावई अन् गाडी एक. कुणी घ्यायची ते तुम्हीच ठरवा."

लोक म्हणतील, बंद पडलेल्या गाडीसाठी काय जीव टाकायचा. पण मला गाडी नको होती, तिच्यात बसून सासऱ्यांच्या दारातून निघायचं होतं. ज्या दारात मी कायम दुसऱ्या पाटावर बसलो, त्या दारातून, सगळ्या अडत बाजारानं बघावं असं. आणि लपवत नाही, पुढं ती विकायचीही होती. नांदेडचा एक मंडपवाला नवरदेवांसाठी जुन्या पांढऱ्या गाड्या शोधत होता; त्याच्याशी माझं, मामी बोलायच्या आधीच, गोदामातून फोनवर बोलणं झालेलं होतं. शेजारी साडू नवाबसाहेब चालवत बसलेले होते. ऐकत असतील असं मला वाटलं नाही.

मीच तोड काढली. म्हटलं, "मास्तर, गेममध्ये ठरवू. एक फेरी तुम्ही, एक मी. कमी वेळात जो येईल, गाडी त्याची." चाळीसनं जाणाऱ्या माणसाला शर्यतीचं आव्हान देणं म्हणजे उघड्या दारातून आत जाणं. साडू म्हणाले, "चालतंय." लगेच. माझा जन्माचा नियम आहे, घासाघीस न करता हो म्हणणाऱ्या माणसाशी सौदा करू नये. त्या दिवशी तो मी विसरलो.

मामी डोळे तपासायला लातूरला आल्या होत्या. त्यांना पलंगावर बसवलं, शेजारी दोघी बहिणी बसल्या. आधी मी. मी पाटलीणबाई घेतली आणि दात आवळून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढची हकिगत सांगण्यासारखी नाही. मी कुंपणात गेलो, तळ्यात गेलो, एकदा उलट्या दिशेनं बराच वेळ गेलो आणि आपण पहिले आहोत म्हणून खूश होतो. शर्यतीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ मला लागला. मामी म्हणाल्या, "धाकट्या जावयाची गाडी लई फिरून आली."

मग साडू. पेला भरला, चपला काढल्या, नवाबसाहेब निघाले. चाळीस. हॉर्न, वळण, चाळीस. आणि मला घाम फुटू लागला, कारण हा माणूस कुठं आपटतच नव्हता. कोपऱ्यात घड्याळ पळत होतं, पण माझ्या वेळेपासून ते अजून लांब होतं. शेवटचा सरळ रस्ता आला. समोर शर्यत संपते तो चौकटी-चौकटींचा पट्टा दिसू लागला. इथून ढकलत नेली असती तरी ते जिंकत होते.

साडूंनी डावीकडं घेतली, झाडाच्या सावलीत गाडी उभी केली, पेला उचलला आणि पाणी प्यायले.

घोट घोट. पूर्ण पेला. घड्याळ माझ्या वेळेच्या पुढं गेलं. बायको ओरडली, "भावजी, अहो पट्टा समोर हाय." ते म्हणाले, "तहान लागली होती." मग मिशा पुसून आरामात पट्ट्याच्या पलीकडं गेले आणि मला म्हणाले, "अभिनंदन. चांगली चालवलीत."

मी जिंकलो होतो आणि माझ्या अंगाचा भडका उडाला होता. उष्टं दिल्यासारखं दिलेलं मला नको होतं. पण नको म्हणावं तर गाडी जाते, म्हणून पदरात पाडून घेतलं. उदगीरला धोंडे जेवलो. त्या दिवशी पहिला पाट माझा होता; तिथं साडूंनीच हात धरून मला बसवलं. मामींनी ताटात दिवा, अनारसे आणि किल्ली ठेवून ताट माझ्या हातात दिलं, वर म्हणाल्या, "जावईबापू, हे वाण हाय. वाण इकत न्हाईत. माहीत हाय न्हवं?"

मी साडूंकडं बघितलं. ते धोंड्यावर तूप घेत होते.

तेव्हा मला कळलं की मी कशात अडकलो. वाटणीत आली असती तर गाडी विकली असती. ती वाणात द्या, हे मामींच्या कानात कुणी घातलं होतं? थोरल्या जावयानं. मामींनी ते स्वतःच सांगितलं. मी साडूंना अंगणात गाठलं. ते म्हणाले, "माझ्याकडं आली असती तर पोरगं पुण्याहून येऊन भंगारात घालतं. तुम्ही व्यापारी माणूस, पण हट्टी. जिंकलेल्या वस्तूला तुम्ही कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत."

"अन् चालवणार कोण? मला येत न्हाई."

"मी हाय की," ते म्हणाले. माझा सौदा हा असा. हा शब्द लक्षात ठेवा.

गाडी बंद होती, म्हणून टेम्पोला दोर बांधून लातूरला आणायची ठरली. ओढलेल्या गाडीतही स्टिअरिंगवर माणूस लागतो. साडू बसले. मी डाव्या बाजूला बसलो, आणि त्यांनी माझ्या हातात तो पेला दिला, काठोकाठ भरलेला. सगळा अडत बाजार बघत होता, आणि मी सासऱ्यांच्या दारातून निघालो ते दोराला बांधलेला, हातात पाणी घेऊन, एखाद्या व्रताला निघाल्यासारखा.

गावाबाहेर आल्यावर ते बोलू लागले. भूकंपाच्या वेळी ते उदगीरलाच होते. माझं लग्न तेव्हा झालेलं नव्हतं. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे जमीन हलली. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या तसे सासऱ्यांची ही गाडी घेऊन ते पडलेल्या गावांकडं गेले. घरात गाडी सगळ्यांत चांगली त्यांनाच चालवता येत होती. मला हे ठाऊकच नव्हतं. भूकंपाच्या गोष्टी आमच्याकडं घरटी इतक्या आहेत की आणखी एक ऐकायला कुणी बसत नाही. आणि हा माणूस सांगणाऱ्यांतला नव्हे. एका बाईला ढिगाऱ्यातून काढलेलं होतं, कंबरेत मोडलेली. तिला मागच्या सीटवर निजवून ते लातूरच्या दवाखान्याकडं निघाले.

"ती रस्ताभर म्हणत होती, हळू घ्या, भाऊ. मला वाटायचं, लवकर पोचलं पाहिजे. मी हाणत होतो गाडी."

"पोचली का?"

"पोचली. तिथून सोलापूरला नेली म्हणाले. पुढचं न्हाई कळलं." मग म्हणाले, "लवकर नेली ते चूक न्हाई. पण हळू म्हणत होती ती."

समोर टेम्पोनं खड्डा चुकवला, आम्हाला तो लागला. पेल्यातलं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. साडू म्हणाले, "माफ करा." मी 'काही नाही' म्हणणार होतो, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. वरच्या आरशात, मागच्या रिकाम्या सीटकडं बघत होते.

मी गाडी दुरुस्त करून घेतली. मेकॅनिकशी घासाघीस केली नाही. ह्यावर आमच्या गल्लीत कुणी विश्वास ठेवत नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा साडूंना बोलवायला गेलो, तर घरात सामान बांधलेलं. मुलानं पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. आईचे गुडघे, बाबांचा मोतीबिंदू, तिकडं डॉक्टर जवळ. साडू म्हणाले, "महिन्याभरात येतो. मग तुम्हाला नांदेडपर्यंत नेतो. पेला काठोकाठ भरून घ्या." त्यांचा पलंग मीच नेला. भाव केला नाही आणि विकलाही नाही.

तो महिना उलटून किती महिने झाले, मोजत नाही. फोन करतो तर आधी गाडीची चौकशी. रोज सुरू करता का? टायरात हवा? त्यांच्या मुलाच्या इमारतीत म्हणे जमिनीखाली तीन मजले नुसत्या गाड्या उभ्या असतात. त्यात एक नवाबसाहेबांसारखी आहे, तिचा मालक बाहेरच काढत नाही. हे संध्याकाळी खाली जाऊन तिच्याजवळ जरा उभे राहतात. आणि शेवटी म्हणतात, "येतो की."

पांढरी माझ्या दुकानापुढं सावलीत उभी आहे. मंडपवाला दोनदा येऊन गेला. वाण आहे, असं सांगून मी त्याला परत पाठवला. गोदामात यंत्र तसंच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चपला काढून मी खुर्चीत बसतो, पाटलीणबाई काढतो आणि पेला भरतो. तीसच्या पुढं जात नाही, तरी पहिल्या वळणाला सांडतो. डाव्या बाजूची खुर्ची रिकामी असते, तिकडून कुणी येतंय का हे सांगायला कोणी नाही.

म्हणून हे लिहिलं. साडू, तुम्ही वाचत असाल, कुणीतरी वाचून दाखवत असेल. तुम्ही जिंकला होतात. पट्टा समोर होता. मान तुमचा होता, गाडी तुमची होती, आणि तुम्ही झाडाखाली थांबून पाणी प्यायलात. मला जिंकवून ही सगळी जोखीम माझ्या दारात उभी केलीत, आणि चालवायला मी आहे म्हणालात. मी व्यापारी आहे, शब्दावर माल उचलतो. त्या शब्दाचा जाब मी दुसऱ्या कुणाकडं मागू? फोनवर नको. या, चपला काढा, उजव्या बाजूला बसा, आणि मग सांगा. पेला भरून ठेवला आहे.